झीलकऱ्याची जागा

सिंगापूरच्या नव्या सरकारी इमारतींमध्ये प्रत्येक फ्लॅटला एक बॉम्ब शेल्टर असतं. युद्ध झालंच तर घरादाराने आत जाऊन बसायचं, अशी योजना. जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार आणि एक माणूस कसाबसा आडवा होईल एवढी जागा. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे अडगळ ठेवतात. टॅम्पिनीसच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या शेल्टरमध्ये चार मोठ्या बॅगा होत्या, आईने पाठवलेल्या मसाल्याचे डबे होते, लेकीची लहानपणची सायकल होती आणि एक तुणतुणं होतं. मी गाणारा झालो तो या खोलीत, बॅगेवर बसून, कांदा-लसूण मसाल्याच्या वासात.

आमचं घराणं गोंधळ्यांचं. माणदेशातल्या आमच्या भागात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायला तात्यांना बोलावणं यायचं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडिलांनी संबळ वाजवणं लवकर सोडलं आणि एसटीच्या डेपोत नोकरी धरली. मुलांनी शिकावं, दारोदार उभं राहू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. तात्यांचं म्हणणं कुणी विचारलं नाही. ते गात राहिले.

गोंधळाला एकटा माणूस पुरत नाही. एक पुढं गाणारा लागतो आणि एक त्याच्या मागे झील धरणारा. पुढचा ओळ म्हणतो आणि शेवटच्या शब्दावर सोडतो. तिथून झीलकरी ती उचलतो, उंच नेतो, लांबवतो. तेवढ्यात पुढच्याने दम घ्यायचा आणि पुढची ओळ आठवायची. झीलकरी चुकला तर पुढचा उघडा पडतो, आणि झीलकरी चांगला असला तर लोकांना वाटतं, काय दमाचा गायक आहे! वयाच्या आठव्या वर्षापासून मी तात्यांचा झीलकरी. इंजिनिअरिंगला पुण्याला जाईपर्यंत दहा वर्षं मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहून तुणतुणं वाजवलं आणि झील धरली. त्यांची पाठ मला चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

पुढं गायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात त्याची एक रीत आहे. पुढं गाणारा एक दिवस आपण होऊन एक पाऊल मागे सरकतो आणि ज्याला पुढं करायचं त्याच्या ओळीला स्वतः झील धरतो. बस, एवढंच. हार नाही, फेटा नाही. त्या दिवसापासून दुसरा पुढचा. ही गोष्ट कुणी मागत नाही. मागणं म्हणजे समोरच्याला तुमचं आता संपलं असं तोंडावर सांगणं.

मी पुण्याला गेलो, मग नोकरी, मग सिंगापूर. माझ्यानंतर तात्यांकडे झीलकरी टिकला नाही. एक पोल्ट्रीवर कामाला लागला, एक डीजेच्या गाडीवर गेला. सिंगापूरला निघण्याआधी पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनी खुंटीवरचं तुणतुणं काढून माझ्या हातात दिलं.

"ह्ये ने," म्हणाले. "हितं धरायला कोन हाय?"

मी ते आशीर्वाद म्हणून घेतलं. तो टोमणा होता हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आशीर्वादही असेल म्हणा. तात्यांचं सगळं एकात एक असायचं.

चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या मागच्या कामांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, ही माझी नोकरी. दिवसभर मीटिंगा. मॅनेजर बोलायचा आणि मी त्याची री ओढायचो. हे काम मला छान जमायचं, लहानपणापासूनचा सराव. अडतिसाव्या वर्षी एका दुपारी मी असंच कुणाच्या तरी वाक्याच्या शेवटी "एक्झॅक्टली, एक्झॅक्टली" करत होतो आणि माझा मलाच इतका राग आला की कॉफीचं निमित्त करून बाहेर पडलो. त्या दिवशी मी ठरवलं की आपण पुढं गायचं. नुसतं हौसेने नाही. आपल्या आवाजाची रेकॉर्ड निघाली पाहिजे. तात्यांच्या गाण्याची कधी निघाली नाही, आपल्या घराण्यातल्या कुणाचीच नाही. निदान माझी निघावी.

हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, हे तिचे उपकार. ती पुण्याची, सदाशिव पेठेतली. गोंधळ तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, आमच्याच लग्नात. "कर," म्हणाली, "पण शेजारी काय म्हणतील ते बघ."

शेजारी चौथ्या दिवशी म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी लिफ्टमध्ये भेटल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "युवर सिंगिंग व्हेरी नाइस. बट व्हेरी लाउड लाह." तेव्हापासून मी लोखंडी दार लावून शेल्टरमध्ये बसायला लागलो. आत पंखा नाही, खिडकी नाही, फोनला रेंज नाही. अर्ध्या तासात बनियन पिळून निघायचा. लेक दार ठोठावून विचारायची, "बाबा, स्टिल इनसाइड आह? सो हॉट लाह!" तिला वाटायचं, बाबाला शिक्षा झाली आहे.

पहिला कार्यक्रम मिळाला तो एका ओळखीच्यांच्या घरचा. मुलाचं लग्न सिंगापुरातच झालं होतं आणि आजींचा हट्ट होता की गोंधळ झालाच पाहिजे. कामाच्या परवान्यावर असलेल्या माणसाला इथे दुसरं काम करून बिदागी घेता येत नाही, त्यामुळे मी फुकट होतो, ही माझी मोठी जमेची बाजू. कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये चौक मांडला. दिवटी पेटवणार एवढ्यात सिक्युरिटीवाला धावत आला, वर धुराचा अलार्म होता. मग दिवटीच्या जागी कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावून धरली. गोंधळात गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं असतं. मी चार गावं घेतली असतील नसतील, तोच यजमानीणबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "जरा शॉर्टमध्ये करा ना, केटरिंगवाले थांबलेत." पाचव्या गावची देवी त्या दिवशी बोलावण्याविना राहिली. आजी तेवढ्या डोळे मिटून हात जोडून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मी संपवलं.

हार्बरफ्रंटजवळच्या एका कॅफेत रविवारी दुपारी कुणीही उठून गावं अशी सोय होती, तिथे दोनदा गेलो. गिटारवाल्या पोरांच्या मध्ये माझी दहा मिनिटं. पहिल्या वेळी लोकांनी खाणं थांबवून मान खाली घातली. ही प्रार्थना आहे, असा त्यांचा समज झाला. दुसऱ्या वेळी मी दुसरी ओळ म्हणत असतानाच मागे कॉफीचं मशीन सुरू झालं, ते माझ्या शेवटच्या ओळीला बंद झालं. घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत तुणतुणं मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या बाईने तिच्या मुलाला माझ्यापासून थोडं बाजूला सरकवलं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याची लाज वाटत होती.

मग मी रेकॉर्ड कंपन्यांना गाणी पाठवायला सुरुवात केली. संबळ वाजवायची सोय नव्हती आणि तुणतुणं वाजवत पुढं गायची सवय नव्हती, म्हणून नुसत्या आवाजात, मांडीवर ठेका धरून गायलो. शिकलेला इंजिनिअर मी, फोनवर रेकॉर्ड केलेलं लॅपटॉपवर घेऊन सगळी खरखर, मांडीची थाप, घामाने चिकटलेल्या शर्टाचे आवाज स्वच्छ धुऊन काढले. मुंबईच्या दोन कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, खाली बीट टाका. चौथ्याने लिहिलं, "तुमची फाइल मध्ये मध्ये तुटते आहे. नेट तपासून पुन्हा पाठवा."

मी नेट तपासलं. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा कुठे मी स्वतः कानाला लावून नीट ऐकली. प्रत्येक ओळीनंतर आवाज गडप होत होता. तीन-चार सेकंद काहीच नाही, मग पुढची ओळ. फाइल धड होती. मीच थांबत होतो. प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दावर सोडून मी झील संपायची वाट बघत होतो, कारण मला ती ऐकू येत होती. तात्यांच्या मागे दहा वर्षं मी जी धरली तीच, माझ्याच लहानपणच्या आवाजातली. डोक्यात ती इतकी पक्की वाजत होती की ती रेकॉर्डिंगमध्येही असणार असं मी धरूनच चाललो होतो. एवढ्या सगळ्या कंपन्यांना मी अर्धं गाणं पाठवलं होतं.

ही तुटकी फाइल पाचव्या ठिकाणी आधीच गेली होती. पुण्यातली एक लहान कंपनी, फक्त लोकगीतं काढणारी. तिथल्या बाईंचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला.

"तुमचा झीलकरी कुठे आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी जिन्यातच बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ते गाणं होतं तसं ऐकलं होतं.

"आहेत," मी म्हणालो. "माझे चुलते. गावी असतात."

"मग त्यांच्यासकट पाठवा. फोनवर गायलात तरी चालेल, मला फक्त दोघांचं जमतंय का ते ऐकायचंय. जमलं तर तुमची दोघांची रेकॉर्ड करू."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो. तात्या सत्तरीच्या पुढचे. आयुष्यात त्यांनी कुणाच्या मागे झील धरली नव्हती, त्यांच्या वडिलांखेरीज. आणि मी, तुणतुणं घेऊन पळालेला पुतण्या, त्यांना म्हणणार होतो की तुम्ही मागे या, मी पुढं गातो.

आठ दिवस मी फोन केला नाही. मग एका संध्याकाळी धीर करून केला. इकडचं तिकडचं झालं, पाऊसपाणी झालं, गुडघे झाले. शेवटी मी सांगून टाकलं. 

"झील?" तात्या म्हणाले. "म्या?"

"व्हय तात्या. तुमी धरली तरच रेकॉर्ड हुतीया."

"बघू," म्हणाले, आणि फोन चुलतभावाच्या हातात दिला.

त्या "बघू"चा अर्थ मी नकार असा लावला. आपण नको ते मागितलं, ही टोचणी होतीच, वर थोडा रागही होता, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं तुमच्या मागे उभा राहिलो, एकदा माझ्या मागे उभं राहायला काय होतं, असा. तीन आठवडे मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

तो रविवार होता. बायको लेकीला पोहायच्या क्लासला घेऊन गेली होती. मी सकाळपासून शेल्टरमध्ये. झिलेची जागा तशीच रिकामी सोडून बाईंना निदान माझ्या ओळी तरी चांगल्या पाठवाव्यात, झिलेचं पुढे बघू, असं ठरवलं होतं. त्या दिवशी आवाज असा लागला होता की माझाच मला विश्वास बसेना. एक गाणं संपवून पाणी प्यायला दार उघडून बाहेर आलो आणि फोनला रेंज आली. एकामागून एक मिस्ड कॉल पडायला लागले. नऊ. सगळे चुलतभावाचे.

मला वाटलं, तात्यांचा नकार आलाय. दुसरं काय असणार? आता फोन केला तर मन खट्टू होईल आणि लागलेला आवाज जाईल. उद्या करू. मी उभ्यानेच पाणी प्यायलो, आत गेलो आणि दार लावून घेतलं.

हे मी कितीही वेळा लिहिलं तरी तसंच राहतं. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

सोमवारी मीटिंगांत दिवस गेला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये रांगेत उभा असताना चुलतभावाचा फोन आला. पहाटे तात्यांना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, जिवाला धोका नाही म्हणत होते.

"रविवारी तुला लय येळा लावला रं," तो म्हणाला. "तात्या तयार झालं हुतं."

मी ताट खाली ठेवलं. तो सांगत राहिला. रविवारी सकाळी तात्यांनी अंघोळ केली, कवड्यांची माळ घातली, ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, आज घसा मोकळा हाय, लाव त्याला. त्याने लावला. लागेना. पुन्हा लाव. लागेना. तासभर असं चाललं. तो म्हणाला, तात्या, तुमी म्हना, मी रेकॉर्ड करून धाडतो. तर तात्या त्याच्यावर खेकसले, "पुढचा गायल्याबिगर झील कशी धरू? काय, भिताडाला धरू?" मग नवव्या फोननंतर म्हणाले, "कामात आसंल त्यो," आणि माळ काढून खुंटीला लावली.

तीन आठवडे ते काय करत होते, हेही त्याने सांगितलं. रोज सकाळी मागच्या परसात जाऊन एकटेच घसा साफ करायचे. आवाज वरच्या पट्टीत जातो का बघायचे. झिलेला आवाज उंच लागतो आणि त्यांचा आता तिथे पोचत नव्हता. माझ्यासमोर फाटू नये म्हणून ते थांबले होते. "बघू" म्हणजे बघूच होतं.

मी रजा टाकून गावी गेलो. तात्या खाटेवर होते, अर्धा चेहरा ओघळलेला. मी पाय धरले. "तात्या, म्या आत हुतो, रेंज नव्हती," असं काहीतरी बोललो. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं, की मी नऊ कॉल बघितले आणि तरी दार लावलं, ते माझ्या तोंडून निघालं नाही. आजवर निघालेलं नाही. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्या हाताचं वजन मला सहन झालं नाही. निघताना मी त्या रविवारचं गाणं चुलतभावाच्या फोनमध्ये टाकून दिलं. त्याने मागितलं म्हणून. माझी वाजवून दाखवायची छाती झाली नाही.

पुण्याच्या बाईंना कळवलं, त्या रविवारचं रेकॉर्डिंगही पाठवलं. त्या हळहळल्या, खरंच हळहळल्या. मग दोन आठवड्यांनी म्हणाल्या की तुमचा रविवारचा आवाज विसरता येत नाही, इथे तीन मुलं आहेत, झील चांगली धरतात, त्यांना घेऊन करू या का? नाही म्हणालो असतो तर ही गोष्ट ऐकायला बरी झाली असती. मी हो म्हणालो. चौतीस नंबरच्या बसमध्ये बसून, फोनवर बोटाने सही करून मी करार पाठवला. बायकोने केक आणला. लेकीने त्यावर काय लिहू विचारलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

रेकॉर्ड निघाली. चांगली झाली आहे. त्या तिघांची झील सुरेल आहे, एका वेळी सुरू होते, एका वेळी थांबते, कुठेही फाटत नाही. लोकांचे मेसेज येतात. ज्या कॅफेत कॉफीचं मशीन चालू होतं तिथल्याच एका गिटारवाल्या पोराने लिहिलं की ऐकताना अंगावर काटा आला. पहिल्याच दिवशी मी ती चुलतभावाला पाठवली, तात्यांना ऐकव म्हणून. त्याचं आठ दिवस काहीच उत्तर नाही. शेवटी रविवारी सकाळी मीच फोन केला. हॉलमध्ये, उघड्या खिडकीजवळ बसून. शेल्टरमध्ये मी आता फोन नेत नाही.

"ऐकवली का रे?"

 "ऐकवली. पहिली झील आली आनि तात्यांनी त्वांड फिरीवलं. बंद कर म्हनून हात केला." मग घाईने म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नको. त्यास्नी ती तुटकीच लागती. तू टाकून गेला हुतास ती. रोज सकाळी अंघूळ घातली की खुंटीकडं हात करत्यात. माळ घालाय लागती. मग ती लावायची. आत्ता बी लावलीया, थांब, ऐक."

त्याने फोन खाटेजवळ नेला. दूरवरून माझाच आवाज आला, शेल्टरमधला, पुढं गाणाऱ्याचा. ओळ शेवटच्या शब्दावर आली आणि सुटली. मग रिकामी जागा. त्या जागेत मला श्वास ऐकू आला. घशात घासत वर चढणारा, उंच जायला बघणारा, लांबवलेला, आवाज नसलेला. तो नेमका ठेक्यावर उचलला गेला होता, आणि माझी पुढची ओळ सुरू व्हायच्या आत नेमका थांबला.